दुसरी यादी कधी करावी? नामांकित संस्थेच्या संभाव्य नकाराला सामोरे जाण्याच्या दोन रीती

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सेकंड पीयूसीची, म्हणजे कर्नाटकातील बारावीची, वार्षिक परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि आयआयटीचा किंवा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल जूनमध्ये हाती येतो. मधले अडीच-तीन महिने मूल पुस्तकांत बुडालेले असते, आई-वडील दबक्या पावलांनी वावरत असतात आणि ‘नंबर लागला नाही तर काय?’ हा प्रत्येकाच्या मनातला प्रश्न घरात कोणीच उच्चारत नाही. मी या भागात अनेक वर्षे पीयू कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही दर उन्हाळ्यात पालक भेटायला येत राहिले. त्यांच्याशी बोलताना दोन रीती मला स्पष्टपणे वेगळ्या दिसल्या. काही घरे सगळा विचार निकालानंतरच्या दिवसांवर सोडतात, तर काही घरे मूल सेकंड पीयूला असतानाच दुसरी यादी, म्हणजे पर्यायी परीक्षांची आणि महाविद्यालयांची यादी, करून ठेवतात. या दोन रीतींची तुलना मी येथे करत आहे. तिच्याच पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या निवडीचाही, म्हणजे मिळाली ती जागा घ्यावी की वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी याचाही, विचार केला आहे. माझा कल कोणीकडे आहे हे मी लपवणार नाही. परंतु ज्यांचा कल उलट आहे त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे आणि ते मी जसेच्या तसे मांडणार आहे.

नकाराचे प्रमाण आणि त्याचे दोन प्रकार

आधी आकडे पाहू. २०२४ साली अभियांत्रिकी प्रवेशाची जेईई मेन ही परीक्षा देणारे विद्यार्थी सुमारे १४ लाख होते. त्यांतून पुढे जाऊन जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० जणांनी दिले, ४८,२४८ जण पात्र ठरले आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. याचा अर्थ असा की, देशातील सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या परीक्षेत पात्र ठरूनही ३० हजारांहून अधिक मुलांना आयआयटीत जागा मिळणे शक्यच नव्हते. त्याच वर्षी नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणारे २३ लाखांहून अधिक होते आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी व खासगी मिळून सुमारे १ लाख १० हजार. हे आकडे मुलाला धाक घालण्यासाठी सांगू नयेत. मात्र पालकांनी ते स्वतः नीट वाचावेत, कारण मुलाला जागा न मिळणे हीच येथे सर्वसाधारण घटना आहे आणि तिचा विचार आधी करणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे होत नाही, हे त्यांवरून कळते. आपल्याकडचा ‘नंबर लागला नाही’ हा वाक्प्रचार मला या बाबतीत अगदी नेमका वाटतो. त्यात जागा संपल्याची वस्तुस्थिती तेवढी सांगितलेली आहे. तरीही जूनमध्ये हेच वाक्य घराघरांत ‘नापास झाला’ या सुरात बोलले जाते, आणि मुलाच्या कानांवर शब्दांपेक्षा तो सूर आधी पडतो.

नकाराचे दोन प्रकार वेगळे ओळखणे तयारीच्या दृष्टीने उपयोगी पडते. जेईई, नीट किंवा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट या परीक्षांचा नकार आकड्याचा असतो. आपण कितव्या क्रमांकावर आहोत आणि जागा कोणत्या क्रमांकाला संपल्या हे कळते, त्यामुळे पुढच्या वर्षी किती अंतर कापायचे आहे याचा हिशेब मांडता येतो. परदेशी विद्यापीठे आणि आपल्याकडील काही खासगी विद्यापीठे निबंध, शिफारसपत्रे व मुलाखती पाहून प्रवेश देतात आणि नाकारताना बहुधा कारण देत नाहीत. या दुसऱ्या प्रकारात मूल स्वतःच कारण शोधू लागते, आणि ते बहुतेक वेळा स्वतःच्या स्वभावात, इंग्रजी उच्चारात किंवा गावात शोधते. मराठी शाळेत शिकलेल्या एका मुलीने मला सांगितले होते की, मुलाखतीत तिचे इंग्रजी ऐकूनच तिला नाकारले असावे. तसे झाले होते की नाही हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता आणि मलाही नव्हता. म्हणून कारण न देणाऱ्या संस्थांत अर्ज करायचे असतील तर त्यांच्या जोडीला आकड्यावर चालणारी एक तरी परीक्षा असावी, असे मी आग्रहाने सांगतो. आपण कोठे आहोत हे सांगणारा एक तरी खुंटा हाताशी असावा लागतो.

‘निकालानंतर बघू’ आणि आधीची यादी

पहिल्या रीतीची बाजू मजबूत आहे. दोन दगडांवर पाय ठेवू नये, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. परीक्षांचे स्वरूप खरोखरच भिन्न असते. कर्नाटकाच्या सीईटीत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत, एका विषयाचे ६० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि वेगाला महत्त्व असते. महाराष्ट्राच्या सीईटीत अकरावीचा सुमारे २० टक्के आणि बारावीचा सुमारे ८० टक्के भाग विचारला जातो. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मात्र एकेका प्रश्नावर बराच वेळ झुंजावे लागते. या तिन्हींची तयारी एकाच वेळी करणाऱ्या मुलाची ओढाताण होते, हे मी वर्गात पाहिले आहे. शिवाय काही मुलांची घडणच अशी असते की, परतीची वाट दिसली की त्यांचे मन तिकडे धावते. अशा मुलाच्या आई-वडिलांनी एकाच ध्येयावर भर देण्याचे ठरवले, तर ते अविचारी आहेत असे मी म्हणणार नाही.

अडचण येते ती निकालाच्या आठवड्यात. बऱ्याच वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक हुशार मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या शिकवणीच्या शिक्षकांनी घरी बजावले होते की, दुसरा पर्याय ठेवणारा पहिलाही गमावतो. वडिलांनी महाराष्ट्राच्या सीईटीचा अर्ज भरला नाही. कर्नाटकाची सीईटी त्याने दिली, पण ती केवळ हजेरी लावल्यासारखी. त्या वर्षी त्याला आयआयटीत जागा मिळाली नाही आणि पुढच्या आठ दिवसांत, एका नातेवाइकाच्या ओळखीवर विसंबून, वडिलांनी दूरच्या एका महाविद्यालयात मोठी रक्कम भरून त्याचा प्रवेश घेतला. कोणती शाखा, कोणते गाव, यांतले काहीही त्याला विचारले गेले नाही, आणि विचारले असते तरी सांगण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता. ‘आत्ता त्याला इतर गोष्टींत गुंतवू नका’ असा सल्ला वडिलांना फेब्रुवारीत मीही दिला होता. त्या सल्ल्याचा विचार मी आजही करतो. अर्ज भरण्याचे काम मुलाऐवजी घरातील मोठ्या माणसाने करावे, एवढे साधे वाक्य मला तेव्हा सुचायला हवे होते.

माझ्या मते दोन्ही रीतींतील खरा भेद येथे आहे. दुसरी यादी केल्याने नकाराचे दुःख कमी होते असा माझा अनुभव नाही. ज्या मुलांची यादी तयार होती तीही रडली, दोन-दोन दिवस जेवली नाहीत. परंतु दुःखाच्या दिवसांतच आयुष्यातला मोठा निर्णय घेण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही, कारण तो निर्णय मन थाऱ्यावर असताना झालेला होता. पहिल्या रीतीत दुःख आणि निर्णय एकाच आठवड्यात येऊन कोसळतात. त्यातच फॉर्म भरण्याच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. महाराष्ट्राच्या सीईटीचा अर्ज हिवाळ्याच्या सुमारास सुरू होतो आणि परीक्षा एप्रिल-मेमध्ये होऊन जाते. कर्नाटकाची सीईटी एप्रिलमध्ये होते. ज्याने जूनपर्यंत वाट पाहिली, त्याला ‘निकालानंतर बघू’ म्हणताना पाहण्यासारखे थोडेच उरलेले असते.

दुसऱ्या रीतीचेही दोष सांगितले पाहिजेत. मुलाला ही यादी अविश्वासासारखी वाटू शकते. ‘मला मिळणारच नाही, असे तुम्ही धरूनच चालला आहात का?’ असे एका मुलीने आईला विचारले होते, आणि त्या प्रश्नापुढे आईला उत्तर सुचले नाही. हा धोका टाळायचा असेल तर यादीचे बोलणे सेकंड पीयूच्या सुरुवातीलाच, अभ्यासाचा ताण चढण्याआधी व्हावे, आणि एकदा ठरले की परीक्षा होईपर्यंत पुन्हा काढू नये. दुसरा दोष असा की, काळजीपोटी यादी वाढत जाते आणि दहा-बारा परीक्षांचे अर्ज भरले जातात. तीनपेक्षा अधिक परीक्षा एका उन्हाळ्यात देणाऱ्या मुलाला कोणत्याही परीक्षेचा लाभ झालेला मी क्वचितच पाहिला आहे. तिसरी गोष्ट म्हणजे यादीत केवळ नावे असून चालत नाही. त्या महाविद्यालयात काय शिकायचे, राहायचे कोठे आणि तेथून पुढे कोणती वाट निघते, हे मुलाला ठाऊक असावे आणि त्यातली एक तरी जागा त्याने डोळ्यांनी पाहिलेली असावी. आपल्याकडे पिकते तिथे विकत नाही, अशी गत असते. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि गोगटे तंत्रनिकेतन म्हणून आपण ओळखतो ते अभियांत्रिकी महाविद्यालय १९७९ पासून येथे आहे. तरीही बेळगावच्या टिळकवाडीतली मुले त्यांचा विचार सगळ्यांत शेवटी करतात, कारण ती रोजच्या रस्त्यावर दिसतात. २०१६ साली सुरू झालेली आयआयटी धारवाड आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे; तिथे नंबर लागला नाही तरी तिचे दार पुढे पुन्हा उघडते, ते कसे हे पुढे सांगतो.

सीमाभागातील दुसरी यादी आणि तिचे कागद

आपल्या भागातील मराठी मुलाजवळ एक गोष्ट आहे, जी म्हैसूरच्या किंवा नाशिकच्या मुलाजवळ नसते. त्याला दोन राज्यांच्या प्रवेशप्रक्रियांत भाग घेता येतो. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, त्या सीमाभागात राहणाऱ्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवाराला महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेत ‘ई’ प्रकारातून त्या राज्याचा उमेदवार म्हणून अर्ज करण्याची तरतूद आहे. त्यासाठी वास्तव्याचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यात जोडावे लागतात. १८५४ पासूनची परंपरा असलेले आणि २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी, १९४७ साली सुरू झालेले सांगलीचे वालचंद महाविद्यालय, मुंबईची व्हीजेटीआय ही अभियांत्रिकीची नावे यामुळे बेळगाव, कारवार, भालकीच्या मुलाच्या यादीत येऊ शकतात. कर्नाटकात शिकल्यामुळे तो येथील सीईटीलाही पात्र असतोच.

ही दोन दारे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या क्रमवारीसाठी सीईटीचे गुण आणि पीयूसीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात, तर महाराष्ट्रात क्रमवारी सीईटीवरच लागते आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते पाहिले जातात. ज्या मुलाचे पीयूसीचे पेपर चांगले गेले आहेत त्याला कर्नाटकाची प्रक्रिया अनुकूल ठरते. जो बोर्डाच्या परीक्षेत मागे पडला पण प्रश्न सोडवण्यात तरबेज आहे, त्याने महाराष्ट्राची सीईटी मनापासून द्यावी. पहिली ते दहावी कर्नाटकातील खेड्यात शिकलेल्या मुलाला ग्रामीण कोट्याचा लाभ मिळतो. उचगाव, येळ्ळूर, नंदगड अशा गावांतील पालक पुष्कळदा हे विसरतात. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र मराठी शाळेतून आलेल्या मुलाला लागू नाही. प्रवर्गाचेही तसेच आहे. कर्नाटकाच्या यादीत मराठा समाज ३बी या मागासवर्गीय प्रवर्गात आहे, परंतु केंद्राची यादी निराळी आणि महाराष्ट्राचे नियम निराळे असल्यामुळे एका प्रक्रियेत चालणारा दाखला दुसरीकडे चालेलच असे नाही.

कागदांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण जूनमध्ये मी पाहिलेले बरेचसे अश्रू गुणांपेक्षा कागदांनी आणलेले होते. शाळेच्या नोंदवहीत मुलाची मातृभाषा मराठी लिहिली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत ही नोंद कधी कधी भलतीच असते आणि ती दुरुस्त करण्यास महिने लागतात. कर्नाटकातील कागदांवर नावापुढे आद्याक्षरे असण्याची पद्धत आहे, महाराष्ट्रात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे, असे नाव असेल तर प्रतिज्ञापत्राची तजवीज डिसेंबरमध्येच करावी. परीक्षेच्या भाषेचीही एक बाब आहे. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीतूनही देता येतात, परंतु मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांपुरता असतो; म्हणजे बेळगावच्या मुलाला तो हवा असेल तर अर्ज भरतानाच कोल्हापूरसारखे केंद्र निवडावे लागते. अ‍ॅडव्हान्स्ड केवळ इंग्रजी आणि हिंदीत होते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातील कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली असावी. हे काम काका-मामांनी अंगावर घेतले, तर मुलाच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो.

ज्यांचे मूल अजून दहावीत आहे त्यांच्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. बिदर-भालकीकडील घरे मुलाला लातूरला आणि आपल्याकडील काही घरे कोल्हापूरला किंवा थेट राजस्थानातील कोटा शहरात शिकवणीला पाठवतात. बारावी ज्या राज्यातून होते, ते राज्य एनआयटीच्या (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या) प्रवेशात विद्यार्थ्याचे राज्य ठरते आणि प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातील मुलांना असतात. त्यामुळे पीयूसी येथे करणाऱ्याला सुरतकलच्या एनआयटीत राज्याचा वाटा मिळतो, लातूरला बारावी करणाऱ्याला तो नागपूरला मिळतो. कर्नाटकात सात वर्षे शिकून दहावी येथूनच उत्तीर्ण झालेल्या मुलाची येथील सीईटीची पात्रता मात्र बाहेर बारावी केल्याने जात नाही.

मिळाली ती जागा घ्यावी की वर्ष थांबावे

हा निर्णय सर्वांना एकच लागू पडत नाही. तो शाखेवर, परीक्षेच्या नियमांवर आणि पहिल्या प्रयत्नात काय कमी पडले यावर अवलंबून असतो.

नियमांपासून सुरुवात करू. अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणजे आयआयटीसाठी थांबण्याला नियमानेच मर्यादा घातली आहे. जेईई मेन तीन वर्षे देता येते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि २०२२ पासून कमाल वयाची अटही नाही. वरकरणी ही सवलत वाटते, पण मला तिची काळजी वाटते, कारण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी थांबायचे की नाही हे सांगणारे बाहेरचे कोणी उरत नाही. नीटसाठी वर्ष थांबणाऱ्या घराने किती वेळा थांबायचे हे पहिल्याच वेळी ठरवावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

थांबण्याच्या बाजूने सर्वांत मोठे कारण मला आपल्या भागातच दिसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल फर्स्ट पीयूला एकदम इंग्रजीतून विज्ञान शिकू लागते. ‘संवेग’ आणि ‘त्वरण’ ज्याला पक्के समजले होते त्याला ‘मोमेंटम’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ या शब्दांपाशी पुन्हा उभे राहावे लागते. पहिले सहा-आठ महिने तो विषयाशी झगडतो आहे असे दिसते, प्रत्यक्षात तो भाषेशी झगडत असतो. अशा मुलाची दोन वर्षांची तयारी खरे पाहता सव्वा वर्षाची असते. त्याला आणखी एक वर्ष मिळाले तर गुणांत लक्षणीय फरक पडतो, हे मी वारंवार पाहिले आहे. उलट, जे मूल सुरुवातीपासून इंग्रजी माध्यमात होते, दोन वर्षे चांगल्या शिकवणीला गेले आणि अखेरच्या सराव परीक्षांत ज्याचे गुण एकाच पातळीवर अडकले होते, त्याला आणखी एक वर्ष देऊन काय मिळणार, हा प्रश्न विचारणे भाग आहे. त्यासाठी सराव परीक्षांचे शेवटच्या सहा महिन्यांचे गुण ओळीने लिहून पाहावेत. ते चढते असतील तर थांबण्यात अर्थ आहे. सपाट असतील तर त्याच रीतीने आणखी वर्षभर अभ्यास करून ते चढतील असे मानण्यास आधार नाही.

थांबण्याची किंमत शिकवणीच्या शुल्कापुरती नसते. कोल्हापूर-पुण्याचे वसतिगृह, जेवण, आणि त्याहून मोठी किंमत म्हणजे एकटेपण. वर्गातले सोबती पुढे निघून जातात आणि गणेशोत्सवात गावी आल्यावर त्यांच्या गप्पांत बसणे त्याला जड जाते. घरात मुलगी असेल तर ‘वर्ष वाया घालवू नको’ हे तिला मुलापेक्षा लवकर ऐकवले जाते. हा अन्याय मी अनेक सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. मुलाला एक संधी दिली असेल तर मुलीलाही तीच दिली पाहिजे.

जागा घेण्याच्या बाजूने काय आहे, हे शाखेनुसार बदलते. वैद्यकीय शिक्षणात संस्थेच्या नावाचे वजन मला सर्वांत कमी वाटते. एमबीबीएस बेळगावच्या सरकारी महाविद्यालयातून झाले काय किंवा मोठ्या शहरातून झाले काय, बहुतेक पदव्युत्तर जागांसाठी नीट-पीजीचा क्रमांकच पाहिला जातो, आणि रुग्ण भरपूर असलेल्या जिल्हा रुग्णालयात शिकणाऱ्याच्या हाताला काम लवकर वळण लावते. म्हणून वाजवी शुल्कात सरकारी जागा मिळत असताना केवळ एम्ससाठी ती सोडणे मला पटत नाही.

अभियांत्रिकीत नावाला वजन आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सोबतचे विद्यार्थी, प्रयोगशाळा, नोकरी देण्यास येणाऱ्या कंपन्या यांत फरक पडतो. परंतु तिसऱ्या वर्षापासूनच देता येणाऱ्या गेट परीक्षेतून आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांत एम.टेक.ला प्रवेश मिळतो. पहिल्यांदा बंद राहिलेले दार चार वर्षांनी पुन्हा उघडते, ते असे. मूलभूत विज्ञानात तर हा दुसरा दरवाजा अधिकच रुंद आहे. माझ्या पुतणीला आयसरमध्ये, म्हणजे विज्ञान शिक्षण व संशोधनाच्या केंद्रीय संस्थेत, जायचे होते. तिचा नंबर लागला नाही, तेव्हा तिने बेळगावातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिले सहा महिने ती कॉलेजात जायची ती मान खाली घालून. दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तिला जॅम या परीक्षेची माहिती दिली आणि पुढे त्या परीक्षेतून तिला एका आयआयटीत एम.एस्सी.ला जागा मिळाली. तिची हकिकत सांगण्याचे कारण तिचे यश नाही. ती परीक्षा अस्तित्वात आहे हे आम्हाला, घरात एक शिक्षक असूनही, आधी ठाऊक नव्हते. ते बारावीनंतरच माहीत असते तर ते पहिले सहा महिने तिला इतके जड गेले नसते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. येथील राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून आहे आणि १९८९ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तेथे शिकले होते. मात्र त्यांच्या काळी राष्ट्रीय विधी विद्यापीठे नव्हती, म्हणून हे उदाहरण आजच्या मुलाला जसेच्या तसे लावू नये. ज्याला मोठ्या शहरातील कंपन्यांसाठी वकिली करायची आहे त्याने क्लॅट पुन्हा देण्याचा विचार करावा. ज्याला बेळगाव किंवा धारवाडच्या न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याने येथील जागा घेऊन कन्नड व मराठी या दोन्ही भाषांतील कागद वाचण्याची सवय लवकर लावून घ्यावी.

घरातले बोलणे

यादी तयार असली तरी जूनमध्ये शेजारी आणि नातेवाईक विचारणारच. लग्नसराई त्याच सुमारास असते आणि मांडवात भेटणारा प्रत्येक जण ‘कुठे लागला नंबर?’ म्हणतो. त्याचे उत्तर एकाच वाक्यात आधी ठरवून ठेवावे आणि ते मुलाच्या वतीने मोठ्यांनी द्यावे. निकालाआधी चारचौघांत मुलाच्या आयआयटीची घोषणा न करणे हे तर त्याहून सोपे आहे, आणि ते पूर्णपणे आई-वडिलांच्या हातात असते.

दोन-चार दिवसांचे दुःख स्वाभाविक मानावे. परंतु दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण नाही, मित्रांशी बोलणे नाही, किंवा ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ अशा अर्थाचे बोलणे ऐकू आले, तर वाट पाहू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, डिमहान्स, आहे. शिकवणीसाठी कोट्याला जाण्याची तयारी असलेल्या घराला धारवाड लांब वाटू नये.

निकाल कोण उघडणार हेही आधीच विचारून ठेवावे. काही मुलांना तो एकट्याने पाहायचा असतो, काहींना आई जवळ हवी असते, आणि दोन्ही इच्छा मान्य कराव्यात. त्या दिवशी वडिलांचा फोन दुसऱ्या कोणाकडे असावा. दाखल्यांची फाईल कपाटात एका ठरलेल्या जागी असावी, आणि कर्नाटकाच्या व महाराष्ट्राच्या प्रवेशफेऱ्यांच्या तारखा जाहीर होतील तशा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या असाव्यात. म्हणजे मूल दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही, तरी तिसऱ्या दिवशी कोणती फेरी आहे हे घरात कोणाला तरी ठाऊक असेल.